पिवळ्या रेघेतल्या चपला

आमच्या बोईसरच्या घरात प्रत्येक वस्तूला सावली होती. ओट्याच्या वर बाबांनी प्लायवूडची एक फळी ठोकली होती. पळी, झारा, उलथणं, सांडशी, किसणी अशी सगळी मंडळी तिच्यावर खिळ्यांना टांगलेली, आणि प्रत्येकीच्या भोवती तिच्याच आकाराची पिवळी रेघ. सांडशी काढली की मागे सांडशीच्या आकाराची रिकामी जागा उरायची. कारखान्यात हत्यारांसाठी अशी फळी असते, बाबा तिला शॅडो बोर्ड म्हणत. आई म्हणायची, ‘ह्यांचं भूत’. तेलाच्या डब्याखाली पिवळा गोल, माठाखाली गोल, ओसरीवर सायकलीसाठी लांबट चौकोन, आणि दाराशी चौघांच्या चार जोड चपलांच्या आकृत्या. बाबांच्या आणि दादाच्या चपलांशेजारी त्यांच्या कारखान्याच्या बुटांच्या आकृत्या वेगळ्या. पाहुणे आले की त्या पिवळ्या पावलांकडे बघून हसायचे आणि आपल्या चपला कुठे काढाव्यात म्हणून घुटमळायचे. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, “रिकामी जागा ओरडली पाहिजे. वस्तू गेली की घरातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे.” मी तेव्हा दहावीत होते आणि मैत्रिणींना घरी आणायची मला लाज वाटायची.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारगाड्यांच्या पंपांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात ते एका लाइनचे मुख्य होते. कारखान्याचा माल जपान्यांना पसंत पडावा म्हणून तिथे एक जपानी साहेब काही महिने येऊन राहिला. त्याने बाबांना पहिल्याच दिवशी जमिनीवर खडूचं वर्तुळ काढून आत उभं केलं आणि दुभाष्याकडून सांगितलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत इथून हलू नकोस, नुसतं बघ. काय बघायचं ते सांगितलं नाही. बाबा घरी आले ते गुरू भेटल्यासारखे. रविवारी त्यांनी स्वयंपाकघरात खडूचं वर्तुळ काढलं आणि आईचा स्वयंपाक बघत उभे राहिले. आई भाकरी थापत होती. थोडा वेळ तिने सहन केलं, मग म्हणाली, “अहो, पूजेचा कलश मांडल्यासारखे काय उभे राहिलात? उभंच राहायचंय तर नारळ तरी खवा.” पण त्या उभं राहण्यातून पिठाचा डबा तव्याजवळ आला, मीठ हाताशी आलं, आणि आईच्या कमरेचं दुखणं खरंच कमी झालं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण डबा परत जुन्या जागी नेलाही नाही.

जेवताना बाबा जपानच्या गोष्टी सांगायचे, लोक पुराणातल्या सांगतात तशा. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मागाची. तिकडच्या एका गावातला मुलगा रोज आईला हातमागावर राबताना बघायचा. मोठा झाल्यावर त्याने असा माग तयार केला की धागा तुटला तर माग आपला आपण थांबेल. तोवर धागा तुटला तरी माग चालत राही आणि वारभर कापड वाया गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात येई. “सगळी विद्या इथून निघाली,” बाबा घास हातात धरून म्हणायचे. “चूक झाली की थांबायचं. लपवून पुढे ढकलायची नाही.” मग लढाईत देश बेचिराख झाला, लोखंड नाही, पैसा नाही, गोदामं भरून ठेवायची ऐपत नाही. म्हणून ज्याला जे लागेल ते, लागेल तेव्हा, लागेल तेवढंच करायचं, असं ते लोक शिकले. आई म्हणायची, “ह्यात जपान्यांनी काय नवीन केलं? महिनाअखेरीला मी तेच करते.” दादा ठसका लागेपर्यंत हसायचा.

आणि पाच वेळा ‘का’. कुठलीही चूक झाली की माणसावर ओरडायचं नाही, पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मुळाशी जायचं, हा त्या साहेबाचा नेम. एकदा दूध उतू गेलं. का? आई दारात होती. का? काशीमावशी मासळी घेऊन आली होती. मग ती त्याच वेळी का येते, तिची एसटी तेव्हाच का, असं करत करत शेवटी आमच्याकडे दूध संध्याकाळी तापवायचं ठरलं. आईला शब्दाने कुणी बोललं नाही. मला वाटतं, त्या घरात आम्ही न घाबरता वाढलो ते ह्या ‘का’मुळे. फुटलेली कपबशी मी स्वतःच बाबांसमोर नेऊन ठेवायची.

कारखान्याची मागची भिंत आमच्या चाळीमागच्या नाल्यापलीकडे होती. बाबांच्या लाइनवर डोक्याच्या उंचीवर एक दोरी बांधलेली. कुणालाही, अगदी कालच लागलेल्या हेल्परलाही, मालात खोट दिसली तर त्याने ती ओढायची, की एक सूर वाजायचा, दिवा लागायचा आणि लाइन थांबायची. सूर चावीच्या खेळण्यातल्यासारखा, गोड आणि जरासा बावळट. पश्चिमेचा वारा असला की आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायचा. दादा आयटीआय करून त्याच लाइनवर लागला होता. घरी येताना तो नाल्यावर टाकलेल्या फळीवरूनच तोच सूर शिट्टीवर वाजवत यायचा, आणि आई तवा ठेवायची. तिच्या हाताला ती सवयच जडली होती.

काशीमावशी किनाऱ्यावरच्या मुरब्याची. आम्हा घाटावरच्यांना तिनेच मासळी खायला शिकवली. सुके बोंबील कसे भाजायचे, कोलीम, म्हणजे अगदी बारीक जवळा, तांदळाच्या भाकरीबरोबर कसा खायचा, सगळं. तिचा मुलगा हरेश बाबांच्या लाइनवर कंत्राटी हेल्पर होता. ड्रिलिंग मशीनवरून झाकणांचे क्रेट उचलायचे आणि धुवायच्या टाकीपाशी न्यायचे, दिवसभर तेच. दादाची आणि त्याची गट्टी. हरेशची पाठ भरून येते म्हणून दादाने डोकं चालवलं. भंगारातले दोन पाइप घेतले आणि मशीनपासून टाकीपर्यंत एक उतार तयार केला. झाकण ठेवलं की घसरत आपोआप टाकीपाशी. पाइप हरेशने धरले, खुणा दादाने केल्या. कारखान्यात टाळ्या वाजल्या. दादाचा फोटो फलकावर लागला आणि बक्षीस म्हणून थर्मास मिळाला. त्या दिवशी दोघांनी आमच्या ओसरीवर त्या थर्मासातला चहा प्यायला. हरेश म्हणाला, “काकी, आता मना काम नाय. नुसता बघत बसाचा हाय.” आम्ही सगळे हसलो.

हे सुधारणेचं काम सुरू झालं तेव्हा लोक बिचकले होते, की आपली कामं जातील. बाबांनी लाइनसमोर उभं राहून शब्द दिला होता: सुधारणेतून जो हात मोकळा होईल तो दुसऱ्या कामाला लागेल, घरी जाणार नाही. हा शब्द त्यांचा एकट्याचा नव्हता, जपानी साहेबाने तो पहिल्या धड्यातच सांगितला होता, आणि बाबांचा त्यावर देवावर असावा तसा विश्वास होता. साहेब मायदेशी परतला. त्यानंतर एका सोमवारी गेटवर हरेशचा पास घेतला गेला आणि परत दिला नाही.

त्या संध्याकाळी आमच्याकडे मटकीची उसळ होती. ती तशीच राहिली. दादा बसलाच नाही.

“बाबा, दोरी ओढा,” तो म्हणाला.

“सुध्या, दोरी मालातल्या खोटीसाठी असते.”

“ही खोट नाही? तुम्ही शब्द दिला होता. मी तुमच्या शब्दावर पाइप जोडले. त्याच्याच हाताने त्याचं काम घालवलं मी.”

“मी मॅनेजरसाहेबांशी बोलतो. रीतीने होईल.”

“उद्या ओढा. लाइन थांबवा आणि सांगा, माणूस कमी आहे.”

बाबांनी ताटाभोवती बोट फिरवलं. म्हणाले, “माणसांसाठी दोरी नसते.” दादा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला होता असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं, पण आता आठवते तेव्हा दिसतं ते वेगळं. तो लहान मुलासारखा फसला होता.

सकाळी तो पहिल्या पाळीला निघाला असं आम्हाला वाटलं. आई ओसरी झाडायला गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. “कुंदे, बूट बघ.” बूट आपल्या पिवळ्या रेघेत नीट बसले होते आणि शेजारची चपलांची जागा रिकामी होती. कारखान्यात कुणी चपला घालून जात नाही. बाबांनी ठरवलं होतं तसंच झालं, शोधावं लागलं नाही, जागेनेच सांगितलं. कुणीतरी त्याला उमरोळीच्या फलाटावर पाहिलं म्हणे. बाबा पोलिसांत गेले, वापीला गेले, सुरतेला गेले, भिवंडीच्या कारखान्यांच्या दारांत फोटो घेऊन उभे राहिले. दादा सापडला नाही. तो आजतागायत सापडलेला नाही.

त्यानंतर घरातला ‘का’ बंद झाला. दूध उतू गेलं तर आई निमूट पुसून टाकी. बाबा जेवताना जपानला जाईनासे झाले. घरात तीन माणसं आणि चार जोड पावलं. आम्ही त्या चौथ्या जोडीवर कधी पाय ठेवला नाही, अंधारातसुद्धा नाही. पाहुण्यांनी चुकून चपला तिथे काढल्या तर आई न बोलता उचलून बाजूला ठेवायची. आणि वाईट होता तो सूर. लाइन चालूच होती, मालात खोट निघतच होती, पश्चिमेचा वारा सुटला की ओसरीत शिट्टी यायची. आईला माहीत असायचं, हा कारखाना आहे. तरी तिचा हात तव्याकडे जायचा. कित्येकदा मी शाळेतून यायची तेव्हा चुलीवर कोरा तवा तापून धुरावलेला असायचा आणि आई दारात. मी अभ्यासाला कानात कापूस घालून बसायला लागले.

काशीमावशी मात्र येत राहिली. हरेश आता मामाच्या होडीवर जात होता. आईला तिच्यासमोर मान वर करवेना. एकदा आईने पाटी उतरवून घेतली आणि रडायलाच लागली. मावशी उंबऱ्यावर बसली, म्हणाली, “बाय, रडू नको. माजा पोरगा समिंदरात हाय, पन सांजेला घरी येतो. तुज्या पोरानं कोनाचा वाईट नाय केला. त्याला सांगाला पायजे होता कोनीतरी.” जाताना तिने बोंबलांची एक जुडी जास्त ठेवली आणि त्या पिवळ्या पावलांना वळसा घालून ती अंगणात उतरली. तिला त्यांच्याबद्दल आम्ही कधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी बाबा दरवर्षी सगळ्या आकृत्या नव्याने रंगवायचे. त्या वर्षीही त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा उघडला. फळी झाली, माठ झाला, सायकल झाली. मी आत चकल्या पाडत होते, आई तळत होती. मग टर्पेंटाईनचा वास आला. आईने झारा खाली ठेवला आणि बाहेर गेली. बाबा दादाच्या चपलांपाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात ब्रश नव्हता, ओलं फडकं होतं.

“का?” आईने विचारलं.

मी दाराआड थांबले. किती महिन्यांनी तो शब्द घरात ऐकत होते.

“बघवत नाही,” बाबा म्हणाले.

“का बघवत नाही?”

“रिकामी आहे म्हणून.”

“का रिकामी आहे?”

“तो गेला, सुमन. तुला माहीत नाही का?”

“मला माहीत आहे. तुम्ही सांगा. का गेला?”

आत तेल धुरावायला लागलं होतं. मी गेले नाही.

“माझ्यावरचा विश्वास उडाला त्याचा.”

“का उडाला?”

बाबांनी फडकं जमिनीवर ठेवलं. “मी दोरी ओढली नाही,” ते म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की तो त्यांचा वाटेना. आई तिथेच, ओल्या रंगाच्या बाजूला बसली. “धागा तुटला,” ती म्हणाली, “आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा घेऊन कामाला गेलात. तुमचा माग चालूच राहिला.” तिने ते ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने बाबांनी ब्रश घेतला आणि ती आकृती पुन्हा रंगवली. त्या दिवशीच्या चकल्या सगळ्या करपल्या, त्या आम्ही तशाच खाल्ल्या.

दिवाळीची सुट्टी संपली, कारखाना सुरू झाला. पहिल्याच दिवशी दुपारी आई गहू निवडत बसली होती, मी शेजारी पुस्तक घेऊन. सूर वाजला. एरवी तो दोन-तीनदा वाजून थांबतो, कुणीतरी धावत जाऊन खोट काढतं. त्या दिवशी तो थांबेना. वाजतच राहिला, पुन्हा पुन्हा, तीच बावळट गोड धून. आईने सूप टाकलं. गहू ओसरीभर झाले. ती अनवाणी अंगणात धावली, नाल्याच्या फळीपर्यंत, आणि तिथे जाऊन ओरडली, “सुधीर!” फळीवर कुणी नव्हतं. मी तिला धरलं तेव्हा ती हसत होती. म्हणत होती, “तोच आहे गं, इतका वेळ तोच वाजवतो.” चाळीतल्या बायका बाहेर आल्या. सूर एकदम तुटला. मग इतकी शांतता झाली की मला नाल्याचं पाणी ऐकू आलं.

संध्याकाळी बाबा आले. त्यांचे बूट हातात होते, का ते त्यांनाही सांगता येईना. त्यांनी दोरी ओढली होती. व्यवस्थापक धावत आला आणि विचारलं, “कौन सा पीस खराब है?” बाबा म्हणाले, “पीस ठीक है साहब. एक आदमी कम है. उसको वापस लाओ, फिर लाइन चालू करो.” लाइनवरची पोरं हात खाली सोडून उभी राहिली, कुणी कशाला हात लावला नाही. शेवटी व्यवस्थापकाने स्वतः खटका फिरवून लाइन चालू केली. बाबांना तिथल्या तिथे लाइनवरून काढून भंगाराच्या गोदामात टाकलं. हरेशला कुणी बोलावलं नाही. पुढच्या आठवड्यात दोरी काढली आणि तिच्या जागी व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये एक बटण आलं.

आई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. “मला वाटलं, सुधीर आला,” ती म्हणाली.

बाबांनी तांब्या धरला पण पाणी प्यायले नाहीत. “वाजायला लागलं तेव्हा मीही मागे वळून बघितलं,” ते म्हणाले.

बाबा निवृत्त होईपर्यंत भंगारातच राहिले. तिथेही त्यांनी पिवळ्या रेघा मारल्या. तांबं इकडे, पितळ तिकडे. लोक त्यांना हसायचे. ते गेले त्या दिवशी त्यांच्या चपला आपल्या रेघेत सरळ होत्या, आणि तेराव्यानंतर मी त्या उचलल्या आणि त्यांची आकृती पुसली. त्यांचं कुठे जाणं झालं ते आम्हाला माहीत होतं.

मी पुढे हेच शिकवणारी झाले. नशीब म्हणा किंवा खोड म्हणा. पालघरपासून मनोरपर्यंतच्या कारखान्यांत मी पोरांना खडूच्या वर्तुळात उभं करते, पाच वेळा ‘का’ विचारायला लावते, मागाची गोष्ट सांगते. हरेशची सांगत नाही, एवढंच सांगते की सुधारणेने माणूस घरी जात असेल तर ती सुधारणा नव्हे. साहेबलोक माना डोलावतात आणि चहा मागवतात. परवा एका मुलाने विचारलं, “मॅडम, वस्तू परत आलीच नाही तर तिची आकृती किती दिवस ठेवायची?” नियम असा आहे की ठरावीक मुदत द्यायची, मग पुसायची आणि ती जागा दुसऱ्या कामाला वापरायची. मी त्याला नियम सांगितला. तेवढ्यात बाहेर एक टेम्पो मागे यायला लागला, आणि हल्ली टेम्पोत मागे येताना वाजायला जी स्वस्तातली धून बसवतात ती नेमकी तीच निघाली. मी खडू हातात धरून किती वेळ गप्प होते कोण जाणे. मुलांना वाटलं, मॅडम विचार करताहेत.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला माझी हाक ऐकू येत नाही, पण रस्त्यावर मागे येणाऱ्या टेम्पोची ती धून ऐकू येते. ह्या दिवाळीच्या आधी मी नेहमीसारखी रंगाचा डबा घेऊन दाराशी बसले. आता फक्त तीन जोड उरले आहेत. तिचा आणि माझा झाला. मग दादाच्या जुन्या रेघेवर ब्रश टेकवला, तशी ती भिंतीला धरत आली आणि खुर्चीत बसून वाकून बघायला लागली.

“तशी नको,” ती म्हणाली. “थोडी मोठी काढ.”

“अगं, माप तेच आहे.”

“तेव्हाचं आहे. वय झालं की पाय पसरतो, कुंदे.” तिने स्वतःचं पाऊल माझ्यासमोर धरलं, सुजलेलं, बोटं फाकलेलं. “माझा बघ. त्याला घट्ट होईल.”

मी जुन्या रेघेच्या बोटभर बाहेरून नवी रेघ काढली. ती वाळेपर्यंत आई तिथेच बसून राहिली, कुणी पाय देऊ नये म्हणून.